अल्बम काळा का आला?

मामा: त्रेचाळीस इंची टीव्हीच घे की. मॉनिटरच्या पैशात दुप्पट पडदा येतो. तुझं काम झालं की घरचे मालिका बघतील.

भाची: मामा, टीव्ही बनवतातच दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून. लाल असेल ते आणखी लाल, कडा कोरून काढल्यागत. त्याच्यावर मी नवरीचा शालू बघितला तर मला वाटणार, रंग फार भडक झालाय. मी तो उतरवत बसणार आणि छापून येणार फिका.

मामा: मोड बदलता येतो की त्याचा.

भाची: येतो. तरी बऱ्याच टीव्हींवर कॉम्प्युटरचं लाल अक्षर पुसट दिसतं, कारण रंगाचा बारकावा ते मुळातच निम्मा करून दाखवतात. आणि टेबलाशी बसून त्रेचाळीस इंच बघायचं म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत मान फिरवायची.

हे मामा-भाची म्हणजे कुणी एक नव्हेत. केज, माजलगाव, गेवराई, परळी, बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रोलच्या कॅमेऱ्यावर शिकलेला एक स्टुडिओवाला असतो आणि त्याच्या घरात रात्री अल्बम डिझाइन करणारं एखादं तरुण पोर असतं. मी त्यांना अंबाजोगाईत बसवलंय. वाद मात्र खरा आहे आणि लग्नसराई जवळ आली की तो दर वर्षी होतो: घरी फोटोंचं काम करायचं तर पडदा कोणता घ्यायचा, आणि त्याच्यावर किती पैसे घालायचे.

मामा: बरं, टीव्ही राहू दे. पण वीस हजाराचा मॉनिटर घेऊन तू दाखवणार कुणाला? गिऱ्हाईक फोटो बघतंय मोबाइलवर. एकाचा मोबाइल निळा, दुसऱ्याचा पिवळा, तिसऱ्याची काचच फुटलेली. तू इथं बसून रंगाचा मेळ घालायलीस, त्याचा उपयोग काय?

भाची: मोबाइल सगळे चुकतात, पण वेगवेगळ्या बाजूंनी चुकतात. माझा फोटो मधोमध असला तर प्रत्येकाला जरासा वेगळा दिसेल, पण वाईट कुणालाच दिसणार नाही. माझाच पडदा निळा असेल तर मी प्रत्येक फोटोत न कळत पिवळं ओतणार. मग ज्याचा मोबाइल आधीच पिवळा, त्याच्या हातात नवरीला कावीळ झालेली.

मामा हसतात, पण मुद्दा सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं पैशाचं आहे आणि ते खोटं नाही. अल्बमचे निम्मे पैसे लग्नात मिळतात, उरलेले कापूस विकल्यावर किंवा कारखान्याचं बिल निघाल्यावर. अशा धंद्यात वीस हजार रुपये म्हणजे नवी फ्लॅश, दोन बॅटऱ्या आणि वर एक हार्ड डिस्क. हार्ड डिस्कच्या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. ज्याच्याकडे लग्नाच्या फोटोंची दुसरी प्रत नाही, त्यानं मॉनिटरचा विचार आधी करूच नये.

भाची: डिस्क घेतलीय मी. आता अल्बमचं बोला. गेल्या उन्हाळ्यात अल्बम काळे आले ते आठवतं?

मामा: लॅबवाल्यानं घाण केली ती.

भाची: लॅबवाल्यानं मी पाठवलं तेच छापलं.

खरा विषय इथं सुरू होतो. मराठवाड्यातल्या लग्नाचा अल्बम बहुधा बारा बाय छत्तीस इंचांचा असतो. दोन पानं मिळून एक लांब चित्र, आणि तसली वीस-पंचवीस चित्रं. स्क्रीनवर नवरी उजळ दिसत होती, मंडप लखलखीत होता. अल्बम आला तेव्हा नवऱ्याचा कोट आणि मागचा पडदा एक झालेले, काकूंचा चेहरा सावलीत गेलेला. मग लॅबला फोन, भांडण, दुसरी लॅब, आणि तिथूनही तसलाच अल्बम.

कारण साधं आहे. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतला उजेड त्याच्यावर पडून परत फिरतो तेवढाच तो उजळ. मॉनिटर मात्र स्वतः दिवा आहे. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा २५० ते ३०० निटवर (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) चालत असतो, कारण दुकानाच्या झगमगाटात तो तसाच विकला जातो. छापायच्या फोटोंचं काम करायला ८० ते १२० निट पुरतात. तिप्पट उजेडात फोटो बघणाऱ्याला तो फार उजळ वाटतो, तो एक्स्पोजर खाली आणतो आणि पडद्यावर छान दिसलं की थांबतो. कागदावर उरतो अंधार. म्हणजे अल्बम काळा करणारं माणूस लॅबमध्ये नाही, घरातच ब्राइटनेस शंभरवर ठेवून बसलेलं आहे.

उपाय फुकट आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी खोलीच्या दिव्याखाली कोरा कागद धरायचा आणि दोन्ही सारखेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा. पहिले दोन दिवस पडदा मरगळलेला वाटतो. मग डोळा बसतो.

मामा: म्हणजे नवा मॉनिटर नकोच की! हाच उतरव.

भाची: उतरवून बघितला. उतरवला की याच्या गडद भागातलं सगळं जातं. आणि मी जरा खाली वाकले की नवरी सावळी, उठून बसले की गोरी. कुठली खरी धरायची?

मामांकडचा पडदा जुन्या टीएन जातीचा आहे. समोरून ठीक, पण डोकं वर-खाली झालं की रंग पालटतो. दुसरी जात व्हीए. तिच्यात काळा गडद येतो आणि सिनेमाला ती छान, पण बाजूनं बघितलं की सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात. तिसरी जात आयपीएस. काळा रंग तिच्यात तितका खोल नसतो, पण कोपऱ्यातून बघितलं तरी चेहरा तोच राहतो. फोटोच्या कामाला बिनदिक्कत आयपीएस घ्यावा. ओएलईडी सुंदर आहे, महागही आहे, आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी ठेवणाऱ्याला त्या पट्ट्यांचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते.

दुकानात पारखायचं तर कंपनीचा धबधब्याचा व्हिडिओ बघू नका. पेनड्राइव्हमध्ये स्वतःचे फोटो न्या. बीडच्या कंकालेश्वर मंदिराचा दुपारचा एक फोटो त्यात जरूर ठेवा. पाण्याच्या कुंडात उभं असलेलं ते काळ्या दगडाचं मंदिर, वर पांढरंफेक आकाश आणि सावलीत कोरलेल्या मूर्ती. पडदा चांगला असेल तर मूर्तींचे हात-पाय वेगळे दिसतात. नसेल तर काळा ठोकळा.

मामा: मग चार-के घे म्हणतील. सत्तावीस इंची.

भाची: मला तोच घ्यायचाय.

मामा: कशाला? कॉम्प्युटर तुझा आधीच धापा टाकायलाय.

इथं मामा बरोबर आहेत, पुरते बरोबर. बारा बाय छत्तीसचं एक पान ३०० ठिपके-दर-इंचानं छापायचं तर १०,८०० गुणिले ३,६०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख ठिपके होतात. चार-के पडदा दाखवतो ८३ लाख, साधा फुल एचडी २१ लाखांच्या आत. पान पुरतं कुणीच दाखवत नाही, जवळ जाऊन बघावंच लागतं. चार-केनं अक्षरं रेखीव दिसतात, डोळ्यांना सुख लागतं, पण अल्बम सुधारत नाही. चोवीस इंची चालतो. जागा आणि पैसा असेल तर सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० चा. त्याच्या पुढचा खर्च हौसेचा. १६५ हर्ट्‌झ, वक्र पडदा, खोक्यावरचा एचडीआरचा शिक्का, हे खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी आहे. त्याचे जादा पैसे मोजू नयेत.

खोक्यावर वाचायची गोष्ट वेगळी आहे: एसआरजीबी किती टक्के? ही रंगांची हद्द एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली. मोबाइल, संगणक आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅब आजही तीच धरून चालतात. शंभर टक्के, निदान पंचाण्णवच्या वर हवी. स्वस्त पडद्यांवर आणि लॅपटॉपवर ही संख्या न लिहिता ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप. त्याचे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के वाचलंत तर खोका खाली ठेवा. त्या पडद्यावर हळद आणि केशरी फेटा एकाच रंगाचे दिसतील.

भाची: आणि डेल्टा ई दोनच्या आत. म्हणजे खरा रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक साध्या डोळ्याला जवळजवळ कळू नये. आसुसच्या प्रोआर्टमध्ये चोवीस इंचीचा एक आहे, पीए २४८ क्यूव्ही. एसआरजीबी शंभर टक्के, आणि १९२० बाय १२००, म्हणजे उंचीला जरा जास्त. खालच्या पट्ट्या फोटोवर येत नाहीत. बेनक्यूच्या पीडी मालिकेत आहेत, डेलच्या अल्ट्राशार्पमध्ये आहेत.

मामा: आणि ते अ‍ॅडोबी आरजीबीवाले? भारीतले?

भाची: ते आपल्याला उलटे पडतील, मामा.

अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची. तिची हद्द मोठी आहे, विशेषतः हिरव्या-निळ्याकडे. पाटोद्याजवळच्या नायगाव अभयारण्यात मोर टिपणाऱ्यानं आणि घरच्या इंकजेटवर चांगल्या कागदावर मोठी प्रिंट काढणाऱ्यानं असा पडदा जरूर घ्यावा. मोराच्या मानेचा तो हिरवा-निळा एसआरजीबीत पुरा मावत नाही. पण अल्बमवाल्यानं त्या हद्दीत फाइल जतन करून लॅबला पाठवली आणि लॅबनं ती एसआरजीबी समजून छापली, की चेहरे मेणचट, फिके येतात. ज्याला ही भानगड रोज सांभाळायची नाही त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

मामा: एक सांगू का? रंग खरा दाखवून तू खाणार काय? पोरीचा बाप पहिलं वाक्य काय म्हणतो, ‘जरा गोरं करून द्या.’

भाची: उजळ करते की मी. पण किती केलं ते मला दिसायला तर पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला गेलेली माणसं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात आणि लगेच लग्न. कपाळावर पदराखालची पट्टी उजळ, गाल रापलेले, हात त्याहून काळे. मी चेहरा उजळते आणि हात तसेच राहतात. या पडद्यावर ते कळत नाही, दोन्ही सारखेच दिसतात. छापून आलं की मेंदीचे हात एका बाईचे आणि तोंड दुसरीचं.

मामा: आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो. चेहऱ्यावर. हातावर नाही चालवली कधी.

भाची: मग तुमच्या फोटोंत पण तेच असेल.

मामा यावर काही बोलत नाहीत. मला मात्र बोलायचं आहे. गोरेपणाचं वेड आपल्याकडे आहे, ते मी नाकारत नाही, आणि फोटोवाल्यानं त्याला खतपाणी घालू नये असंच माझं मत आहे. पण ‘गोरं करा’ या मागणीतली बरीचशी मागणी ‘चेहरा दिसू द्या’ एवढीच असते असा मला दाट संशय आहे. लोकांनी शेजारपाजारचे काळे पडलेले अल्बम बघितलेले असतात. आपल्या पोरीचा चेहरा तसा अंधारात जाऊ नये म्हणून बाप आधीच बजावून ठेवतो, आणि त्याच्याकडे त्यासाठी एकच शब्द असतो. रापलेल्या चेहऱ्यावर नीट उजेड असेल, डोळे दिसत असतील, नथीचा मोती दिसत असेल, तर तो चेहरा देखणाच दिसतो. वर्षातले सहा महिने फडात काढलेल्या माणसाच्या घरात हा अल्बम पुढची चाळीस वर्षं राहणार आहे. त्यात तिचाच चेहरा असावा. त्यासाठी सावळ्या रंगातल्या पायऱ्या वेगवेगळ्या दाखवणारा पडदा लागतो. गोरा चेहरा कुठल्याही पडद्यावर निभावून जातो.

मामा: चल, घे मॉनिटर. पण ठेवणार कुठं? ह्याच खोलीत?

भाची: हो. का?

मामा: पोपटी भिंत आहे. वर पांढरी ट्यूब. संध्याकाळी खिडकीतून पिवळं ऊन. तुला रंग कसा दिसंल? आमच्या डार्करूमच्या भिंती उगाच काळ्या नव्हत्या.

भाचीकडे याचं उत्तर नाही. ऑइलपेंटच्या पोपटी, गुलाबी, आकाशी भिंती ही आपल्याकडची हौस. त्यांच्यावरून फिरलेला उजेड पडद्यावर आणि डोळ्यांवर पडतो. पोपटी खोलीत बसलेल्या माणसाचा डोळा हिरव्याला सरावतो आणि फोटोत त्याला उगाच जांभळट झाक दिसायला लागते. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर राखाडी किंवा पांढरा पडदा टांगावा, खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवावी आणि तिला जाड पडदा लावावा. खोलीत रोज एकच दिवा जाळावा. पडद्याचं तापमान ६५०० केल्व्हिनवर ठेवावं आणि रात्री रंग पिवळा करणारी ‘नाइट लाइट’ची सोय काम करताना बंद करावी. असल्या पिवळ्या पडद्यावर रात्रभर केलेला अल्बम सकाळी निळा निघतो.

मामा: आणि टेस्ट स्ट्रिप काढत जा.

भाची: म्हणजे?

मामा: उटीच्या कंपनीचा ‘इंदू’ कागद यायचा. अख्खा कागद वाया घालवायची आपली ऐपत नव्हती. एक चिंधी कापायची, दोन सेकंद, चार सेकंद, सहा सेकंद असा उजेड द्यायचा, हायपोतून काढायची, उजेडात नेऊन बघायची. मग मोठा कागद. तू सरळ पंचवीस पानं लॅबला धाडतीस.

या सगळ्या चर्चेतलं सर्वांत मोलाचं वाक्य मामांचं आहे. सीझनच्या आधी एकच पान लॅबला पाठवावं. त्यात छोटे छोटे फोटो: सावळा चेहरा, गोरा चेहरा, हळदीचा कार्यक्रम, हिरवा चुडा, लाल शालू, काळा कोट, कंकालेश्वराचा दगड, आणि एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्यांची पट्टी. लॅबला बजावून सांगावं की करेक्शन करू नका. हे फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच लॅबमधला ऑपरेटर किंवा मशीन आपल्या मनानं उजेड-रंग कमी-जास्त करतं आणि मग आपली चूक कुठली, त्यांची दुरुस्ती कुठली, हे कळायला मार्ग राहत नाही. छापलेलं पान आलं की त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली पडद्याशेजारी धरायचं. पडदा कागदासारखा दिसायला हवा. कागद पडद्यासारखा दिसावा हा हट्ट धरायचा नाही.

मामा: बघ, पंधरा हजाराचं ते काचेवर लावायचं यंत्र पण वाचलं तुझं.

भाची: कॅलिब्रेटर. वाचलं नाही, मामा. डोळा उजेड जुळवतो, रंग जुळवायला यंत्रच लागतं. मॉनिटर जुना होत जातो तसा रंगही सरकतो.

दोघांचं इथं जुळत नाही आणि जुळायची गरजही नाही. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र दर महिन्याला काही मिनिटं लागतं. उरलेला महिना ते कपाटात पडून असतं. एकेका स्टुडिओनं ते विकत घेणं मूर्खपणा. तालुक्यातल्या पाच-सहा जणांनी भिशी लावून एक घ्यावं आणि फिरवावं. धंद्यातली चुरस आड येईल असं मामा म्हणतात. येईलही. पण लग्नाच्या तारखा एकाच मुहूर्तावर पडल्या की हेच लोक एकमेकांना कॅमेरे आणि माणसं देतात, हे मी बघितलंय.

खरेदीच्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे. स्टुडिओची नोंदणी असेल तर बिल स्टुडिओच्या नावानं घ्या. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी खोक्यावर छापलेली असते, पण ती आपल्या पिनकोडला लागू आहे का हे पैसे देण्याआधी विचारा. पुण्याला लागू असलेली सेवा अंबाजोगाईच्या ४३१५१७ ला असेलच असं नाही. यूपीएस घ्या. मॉनिटरला वीज फार लागत नाही, पण लाइट गेल्यावर न जतन केलेली पंचवीस पानं जातात. मॉनिटर घरी आला की त्याच रात्री पडदा ओळीनं पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले ठिपके शोधा, कारण परत करायची मुदत थोड्या दिवसांचीच असते.

माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे: चोवीस इंची आयपीएस, शंभर टक्के एसआरजीबी, वीस हजारांच्या आसपास. त्यात मामांच्या दोन अटी, भिंत आणि टेस्ट स्ट्रिप. त्यांच्याशिवाय चाळीस हजारांचा पडदाही तसाच काळा अल्बम देईल. आणि या सीझनला मॉनिटर जमत नसेल तर आहे त्याचा ब्राइटनेस आज रात्री, पुढचा अल्बम लॅबला पाठवण्याआधी उतरवा.